किल्ली एकाकडे, लेखणी दुसऱ्याकडे

(संगणकीय हिशेबातील कर्तव्यविभागणी व तिची तपासणी : सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे लिखित रूप)



एखादी संस्था पन्नास वर्षे टिकते, तेव्हा तिच्या पाठीशी दात्यांचे औदार्य आणि कार्यकर्त्यांचे श्रम असतात, हे सर्वांना दिसते. चोख हिशेबाचा आधार मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दात्याने दिलेला रुपया कोठून आला, कोणाच्या हातून गेला आणि कोणत्या कामी लागला, हे विचारल्यावर क्षणात सांगता येणे, ही संस्थेची खरी पुण्याई होय. पूर्वी हे उत्तर चोपडीत असे; आज ते संगणकात असते. म्हणूनच संगणकात कोणाला काय करता येते, हा प्रश्न केवळ संगणक बसवून देणाऱ्याचा राहिलेला नाही. तो प्रत्येक मालकाचा, प्रत्येक विश्वस्ताचा आणि प्रत्येक प्रामाणिक नोकराचा प्रश्न झाला आहे. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

पेढीची रीत

जुन्या पेढीवर संगणक नव्हता, परंतु रीत होती. तिजोरीची किल्ली शेठजींच्या कमरेला असे आणि लेखणी मुनीमजींच्या हाती. किल्ली बाळगणाऱ्याने कीर्द लिहावयाची नाही आणि कीर्द लिहिणाऱ्याने तिजोरी उघडावयाची नाही, असा संकेत चांगल्या पेढ्या कसोशीने पाळीत. दिवेलागणीला रोजमेळ जुळविताना एकाने आकडा वाचावा व दुसऱ्याने रोकड मोजावी. फरक पडला तर त्याच रात्री सापडे. या रीतीमागे मुनीमजींविषयी अविश्वास मुळीच नव्हता. उलट, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याचे मुनीम एकाच पेढीवर सन्मानाने राहू शकले, त्याला ही रीतही कारणीभूत होती.

लेखापरीक्षणाच्या भाषेत या रीतीस ‘कर्तव्यविभागणी’ असे नाव आहे. कोणत्याही व्यवहारात चार प्रकारची कामे असतात. व्यवहारास मंजुरी देणे हे पहिले, पैसा वा माल ताब्यात ठेवणे हे दुसरे, त्याची नोंद करणे हे तिसरे आणि नोंद व वस्तुस्थिती यांचा मेळ घालून पाहणे हे चौथे. ही चारही कामे एका व्यक्तीच्या हाती एकवटू नयेत, एवढाच या तत्त्वाचा आशय आहे. चूक करणारा व चूक शोधणारा एकच असला की चूक सापडत नाही. अपहार करणारा व अपहार झाकू शकणारा एकच असला की अपहारही सापडत नाही.

संगणकशास्त्राने हे तत्त्व व्यापाऱ्यांकडूनच घेतले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९८७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे डेव्हिड क्लार्क आणि लेखापरीक्षण व्यवसायातील डेव्हिड विल्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार मुख्यतः लष्करी दृष्टीने, म्हणजे गुपित फुटू नये या हेतूने होत असे. या दोघांनी दाखवून दिले की, व्यापाराची चिंता वेगळी आहे. नोंद कोणी वाचली यापेक्षा ती कोणी चुकीची केली वा बदलली, हे व्यापाऱ्याला अधिक महत्त्वाचे असते. त्यावरचे उपायही त्यांनी हिशेबाच्या जुन्या परंपरेतूनच उचलले : नोंद ठरावीक शिस्तीनेच व्हावी आणि कामे वेगवेगळ्या हातांत वाटलेली असावीत.

संगणकाने काय बदलले

पेढीवर किल्ली डोळ्यांना दिसे. ती कोणाच्या कमरेला आहे, हे दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकालाही कळे. संगणकातील किल्ली दिसत नाही. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड हीच तेथील किल्ली, आणि त्या नावाला जोडलेली ‘भूमिका’ हे तिजोरीचे कुलूप. लेखापाल, रोखपाल, भांडारपाल, खरेदी अधिकारी अशा भूमिका प्रणालीत बांधलेल्या असतात. प्रत्येक भूमिकेत कोणती कामे करता येतील, याची यादी असते. एका माणसाला अनेक भूमिका देता येतात. गोंधळाचा आरंभ येथेच होतो.

एक साधे उदाहरण कल्पिता येईल. एका मध्यम आकाराच्या व्यापारी पेढीत रोखपाल बँकेतून पैसे अदा करतो आणि लेखापाल पुरवठादारांची बिले नोंदवितो. लेखापाल मुलीच्या लग्नासाठी दहा दिवसांच्या रजेवर जातो. काम अडू नये म्हणून त्याची भूमिका रोखपालाला दिली जाते. लेखापाल परत येतो, पेढे वाटतो, कामाला लागतो. परंतु रोखपालाला दिलेली भूमिका काढून घेण्याचे कोणाच्याही लक्षात राहत नाही. पुढील वर्षी पुरवठादारांची नवी खाती उघडणारा कर्मचारी नोकरी सोडतो आणि त्याचेही काम ‘तात्पुरते’ म्हणून रोखपालाकडे येते. तीन वर्षांनी स्थिती अशी होते की, तो एकटाच पुरवठादाराचे नवे खाते उघडू शकतो, त्याच्या नावे बिल नोंदवू शकतो आणि ते बिल चुकतेही करू शकतो. कोणीही लबाडी केलेली नाही. कोणीही जाणूनबुजून चुकीचा निर्णय घेतलेला नाही. तरीही किल्ली व लेखणी एकाच हाती गेली आहेत आणि ती गेल्याचे कोणालाही ठाऊक नाही. बहुधा खुद्द रोखपालालाही नाही.

तात्पर्य, दोन निर्दोष भूमिकांची बेरीज सदोष असू शकते. म्हणून प्रत्येक भूमिका स्वतंत्रपणे तपासून भागत नाही; प्रत्येक व्यक्तीच्या सर्व भूमिका एकत्र मांडून पाहाव्या लागतात.

तीन धडे

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. जगातील काही मोठ्या पेढ्या याच एका दोषाने संकटात सापडल्या.

लंडनची बेअरिंग्ज ही बँक १७६२ साली स्थापन झाली होती. तिच्या सिंगापूर येथील कार्यालयात निक लीसन नावाचा तरुण वायद्याचे सौदे करीत असे आणि त्याच सौद्यांच्या नोंदी व हिशेबपूर्ती करणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. १९९२ साली उघडलेल्या ‘८८८८८’ या क्रमांकाच्या खात्यात तो तोटा दडवीत गेला. लंडनला नफ्याचे आकडे दिसत राहिले. जानेवारी १९९५ मध्ये जपानमधील कोबे येथे भूकंप झाला, बाजार कोसळला आणि तोटा झाकणे अशक्य झाले. अखेरीस तो ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला. २३३ वर्षांची ती बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली आणि डच वित्तसंस्था आयएनजीने तिचा व्यवसाय नाममात्र एका पौंडास घेतला.

या प्रकरणातील सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी सिंगापूरला भेट दिली होती. सौदा करणारा आणि सौद्याची नोंद सांभाळणारा एकच आहे, हे धोक्याचे आहे, असे त्यांनी आपल्या अहवालात नमूद केले होते. दोष सापडला होता, लिहिलाही गेला होता; तो वेळेवर दूर मात्र झाला नाही. तपासणीचा अहवाल कपाटात गेला की तपासणी झाली असे होत नाही, हा बेअरिंग्जचा धडा होय.

दुसरा धडा भारतातील. जानेवारी २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब फुगविल्याची कबुली दिली. तपासात पुढे आले की, कंपनीच्या बिलांच्या प्रणालीत ‘सुपर यूजर’ म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याची सोय होती आणि तिच्या साहाय्याने हजारो खोटी बिले इतर कर्मचाऱ्यांच्या नजरेआड ठेवली गेली होती. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने या प्रकरणातील आरोपींना दोषी ठरविले. रोजच्या भूमिका कितीही काटेकोर वाटलेल्या असोत. सर्व कुलपांना लागणारी एक गुरुकिल्ली कोणाकडे तरी असतेच. ती कोणाकडे आहे, ती केव्हा वापरली गेली आणि त्या वापराची नोंद दुसरा कोणी पाहतो काय, हे न विचारणारी तपासणी अपुरी होय.

तिसरा धडा मुंबईतील. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीपत्रांचे संदेश ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून परदेशी जात होते. बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीत मात्र त्यांची नोंद होत नव्हती. दोन्ही प्रणाली एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. एका प्रणालीत केलेले काम दुसऱ्या प्रणालीत आपोआप उमटत नसल्याने मेळ घालण्याचे चौथे कर्तव्य जणू नाहीसेच झाले होते. संबंधित अधिकारी अनेक वर्षे एकाच शाखेत होता. तो निवृत्त झाल्यावर नव्या अधिकाऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये हमीसाठी रोख तारण मागितले, तेव्हा ‘पूर्वी तर असे मागत नव्हते’ अशा आशयाचे उत्तर आले आणि प्रकरण उघडकीस आले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने शेअर बाजारांना कळविलेली रक्कम सुमारे १.७७ अब्ज डॉलर, म्हणजे अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक होती. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराविषयी ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने त्यानंतरच्या निवेदनात स्पष्ट केले.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, तपासणी एकाच प्रणालीपुरती ठेवू नये; हिशेबाचे सॉफ्टवेअर, बँकेचे नेट-बँकिंग आणि पगाराची प्रणाली यांतील अधिकार एकत्र मांडावेत. दुसरी, माणसे बदलत राहावीत. नव्या माणसाने विचारलेला साधा प्रश्न पुष्कळदा मोठ्या यंत्रणेपेक्षा अधिक काम करून जातो.

तपासणी कशी करावी

पहिली पायरी कागदावरची आहे. तिला संगणक लागत नाही. व्यवसायातील महत्त्वाची कामे एकाखाली एक लिहावीत : पुरवठादाराचे खाते उघडणे, त्याचा बँक खाते क्रमांक बदलणे, खरेदी आदेश काढणे, माल आल्याची नोंद करणे, बिल नोंदविणे, पैसे अदा करणे, आलेली रक्कम जमा करणे, येणे रक्कम माफ करणे, बँकेशी ताळमेळ घालणे आणि वापरकर्त्यांना अधिकार देणे. हीच दहा कामे आडव्या ओळीतही लिहिली की कोष्टक तयार होते. दहा कामांच्या जोड्या पंचेचाळीस होतात. प्रत्येक जोडीपुढे एकच प्रश्न विचारावा : ही दोन्ही कामे एकाच्या हाती असल्यास कोणाच्याही नकळत काय घडू शकेल?

उत्तर शब्दांत लिहावे, केवळ फुली मारू नये. पुरवठादाराचे खाते आणि पैसे अदा करणे ही कामे एकत्र आल्यास बनावट पुरवठादाराला पैसे जातील. खरेदी आदेश आणि माल-आवक एकत्र आल्यास न आलेल्या मालाची किंमत चुकती होईल. रक्कम जमा करणे आणि येणे माफ करणे एकत्र आल्यास गिऱ्हाइकाने दिलेली रोकड खिशात जाईल व खात्यावर सूट दिसेल. अधिकार देणे आणि कोणताही व्यवहार करणे एकत्र आल्यास बाकीच्या सर्व मर्यादा व्यर्थ ठरतील. उलट, ज्या जोडीपुढे काहीच वाईट लिहिता येत नाही, ती जोडी सोडून द्यावी. सर्वच जोड्या धोक्याच्या ठरविल्या तर काम ठप्प होते आणि मग लोक एकमेकांचे पासवर्ड वापरू लागतात. तो रोगापेक्षा भयंकर उपचार ठरतो.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष अधिकारांची यादी प्रणालीतूनच काढणे. कोणाला काय करता येते, हे विभागप्रमुखाला विचारू नये. तो जे असावयास हवे ते सांगतो. संगणक जे आहे ते सांगतो. भूमिकेच्या नावावरही विसंबू नये. ‘फक्त पाहणे’ अशा नावाच्या भूमिकेत कालांतराने बदल करण्याचा अधिकार घातलेला असू शकतो.

मोठ्या उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या सॅप या जर्मन प्रणालीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तीत वापरकर्त्याला एखाद्या कामाचा पडदा उघडता येतो की नाही, हा एक स्तर आहे. त्या पडद्यावर कोणत्या कंपनीसाठी आणि कोणती कृती करता येते, हा दुसरा स्तर आहे. ‘०१’ म्हणजे नवी नोंद, ‘०२’ म्हणजे बदल, ‘०३’ म्हणजे केवळ पाहणे. केवळ पहिला स्तर तपासणाऱ्याला दोष नसलेल्या ठिकाणी दोष दिसतो. ज्याला पुरवठादाराचे खाते फक्त पाहता येते, तोही दोषींच्या यादीत येतो. अशा खोट्या इशाऱ्यांची यादी शेकडो ओळींची झाली की ती कोणी वाचत नाही आणि खरा धोका तिच्यात हरवून जातो.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. एकच काम करण्याचे दोन मार्ग प्रणालीत असतात आणि तपासणीच्या यादीत एकच लिहिलेला असतो. सॅपच्या जुन्या आवृत्तीत पुरवठादाराचे खाते ‘एक्सके०१’ या आज्ञेने उघडत असत. २०१५ साली आलेल्या एस/४ हाना या आवृत्तीत ते काम ‘बीपी’ या आज्ञेकडे गेले. ज्यांनी प्रणाली बदलली परंतु तपासणीची यादी जुनीच ठेवली, त्यांच्या तपासणीत सर्व काही स्वच्छ दिसू शकते, कारण यंत्र जुन्या दाराशी पहारा देत असते आणि ये-जा नव्या दारातून चाललेली असते. प्रणालीची आवृत्ती बदलली की कोष्टक पुन्हा नव्याने तपासावे, हा नियम यासाठीच आहे.

तिसरी पायरी म्हणजे व्यक्तिनिहाय मांडणी. एका ओळीत व्यक्तीचे नाव आणि पुढे तिच्या सर्व भूमिकांमुळे मिळालेली सर्व कामे लिहावीत. त्यात चार प्रकारची नावे वेगळी काढावीत : नोकरी सोडून गेलेले, विभाग बदललेले, अनेकजण मिळून वापरीत असलेले सामायिक नाव आणि सर्वाधिकारी. सामायिक नावापुढे कोणतीही विभागणी टिकत नाही; कारण काम कोणी केले हेच तेथे कळत नाही.

चौथी पायरी निर्णयाची. प्रत्येक सदोष जोडीसाठी तीन मार्ग असतात. अधिकार अनावश्यक असेल तर तो काढून घ्यावा. बहुतेक दोष येथेच मिटतात, कारण पुष्कळ अधिकार कधी वापरलेलेच नसतात. तो आवश्यक असेल तर काम दुसऱ्याकडे सोपवावे. तेही शक्य नसेल तर पर्यायी देखरेख ठेवावी : कोणत्या व्यक्तीने, कोणता अहवाल, किती दिवसांनी पाहावा आणि पाहिल्याची सही कोठे करावी, हे लेखी ठरवावे. ‘लक्ष ठेवले जाईल’ या वाक्याला देखरेख म्हणत नाहीत. त्याचबरोबर, दोषपूर्ण अधिकार असताना तो खरोखर वापरला गेला काय, हे मागील नोंदी काढून पाहावे. अधिकार असणे आणि त्याचा गैरवापर होणे या भिन्न गोष्टी आहेत. दोहोंची सरमिसळ करून कोणावर ठपका ठेवणे हा मोठा अन्याय होय.

पाचवी पायरी म्हणजे सातत्य. नवी भूमिका देण्यापूर्वीच ती जुन्या भूमिकांशी जोडून पाहावी. रजेच्या काळात दिलेल्या अधिकाराला देतानाच शेवटची तारीख घालावी. वर्षातून किमान दोनदा संपूर्ण यादी नव्याने काढावी. ती काढणारा आणि अधिकार देणारा, हे दोघेही वेगळे असावेत. अन्यथा कर्तव्यविभागणीची तपासणीच तिच्या तत्त्वाचा भंग करील.

लहान पेढी आणि विश्वस्त संस्था

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. ज्या दुकानात मालक आणि एक हिशेबनीस एवढीच माणसे आहेत, तेथे चार कामे चौघांना कोठून वाटावयाची? ती वाटता येत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तेथे मालकाने चौथे कर्तव्य, म्हणजे मेळ घालण्याचे काम, स्वतःकडे ठेवावे. बँकेचे खातेपत्रक हिशेबनिसाच्या हातून न घेता थेट बँकेकडून मिळवावे. नेट-बँकिंगमध्ये रक्कम भरणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, ही सोय बँका देतात. ती घ्यावी, आणि मंजुरीचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो, तो मोबाईल हिशेबनिसाच्या टेबलावर ठेवू नये. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलल्याचा निरोप आल्यास पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी.

आपल्याकडे घरोघरी वापरल्या जाणाऱ्या टॅली या सॉफ्टवेअरमध्येही वापरकर्त्यांचे स्तर ठरविता येतात आणि कोणत्या स्तराला काय करता येऊ नये, हे नमूद करता येते. तरीही एकाच नावाने सर्वांनी काम करण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. सोय बसविण्यास एक दुपार पुरते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे झाले आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ही सक्ती कंपन्यांपुरती असली, तरी अशी सोय असलेले सॉफ्टवेअर वापरण्यास कोणत्याही दुकानदाराला वा विश्वस्त संस्थेला मज्जाव नाही. मात्र बदलांची नोंद राहणे पुरेसे नाही. ती कोणीतरी वाचलीही पाहिजे.

विश्वस्त संस्थांना या विषयाचे महत्त्व अधिकच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये त्यांचे हिशेब तपासले जातात, हे खरे. परंतु वर्षाअखेरची तपासणी रोजच्या शिस्तीची जागा घेऊ शकत नाही. संस्थेत देणगी स्वीकारणारा, पावती फाडणारा, संगणकात नोंद करणारा आणि बँकेत भरणा करणारा हे पुष्कळदा एकच सेवाभावी गृहस्थ असतात. त्यांना पावती रद्द करण्याचाही अधिकार असतो. सर्वांत आधी हा एक अधिकार वेगळा काढावा. पावती रद्द करावयाची झाल्यास दुसऱ्या विश्वस्ताने कारण लिहून ती रद्द करावी आणि रद्द झालेल्या पावत्यांची यादी दरमहा बैठकीत वाचावी. धनादेशावर दोन सह्या घेण्याची पद्धत बहुतेक संस्था निष्ठेने पाळतात. मात्र एका विश्वस्ताने कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवली की दोन सह्यांची एकच सही होते. नेट-बँकिंगचे दोन पासवर्ड एकाच डायरीत लिहिलेले असले, तर तीच गोष्ट नव्या रूपात घडते.

विश्वास आणि तपासणी

या विषयावर सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप हिशेबाचा नसून भावनेचा असतो. ‘वीस वर्षे ज्यांनी निष्ठेने काम केले, त्यांचे अधिकार काढून घ्यावयाचे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे काय?’ प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे.

वर कल्पिलेल्या रोखपालाकडे पुन्हा एकदा पाहावे. समजा, एके दिवशी पाच लाख रुपयांचा मेळ लागत नाही. प्रणाली सांगते की, खाते त्याच्या नावाने उघडले गेले, बिल त्याच्या नावाने नोंदले गेले आणि पैसेही त्याच्याच नावाने गेले. प्रत्यक्षात पासवर्ड चोरून ते काम अन्य कोणी केले असेल किंवा साधी चूक झाली असेल. परंतु त्याने काय म्हणावे? त्याच्या बाजूने साक्ष देईल असा दुसरा हात त्या व्यवहारात कोठेच नाही. वीस वर्षांची निष्ठा एका दुपारी संशयात बुडते आणि पुढे निर्दोषत्व सिद्ध झाले, तरी गावातील कुजबुज थांबत नाही. मुलांच्या लग्नाच्या बोलणीत ती पुन्हा वर येते. ज्याच्यावर सर्वांनी विश्वास टाकला, त्यालाच त्या विश्वासाने निराधार केले, असे होते.

कामे वाटलेली असती, तर संशय येण्यापूर्वीच दुसऱ्याने चूक पाहिली असती. निदान दुसऱ्याची नोंद त्याच्या बाजूने बोलली असती. म्हणजेच कर्तव्यविभागणी चोराला अडविते हे तिचे लहान काम. सज्जनाला साक्षीदार देते हे तिचे मोठे काम. अधिकार कमी करताना हे त्या व्यक्तीला समोर बसवून, सन्मानाने समजावून सांगावे. तिच्या अपरोक्ष, रात्रीतून पासवर्ड बदलून ते करू नये. आणि आरंभ वरून व्हावा. मालकाने वा अध्यक्षांनी प्रथम स्वतःचे सर्वाधिकार सोडावेत. मग धाकट्यांना त्यात अपमान वाटणार नाही. ‘मालकाला सर्व दिसले पाहिजे’ हे म्हणणे योग्य आहे; परंतु सर्व दिसण्यासाठी सर्व करता येण्याची गरज नसते.

सुवर्णमहोत्सवी वर्ष हे मागे वळून पाहण्याचे असते, तसेच पुढील पिढीच्या हाती काय द्यावयाचे हे ठरविण्याचेही असते. वास्तू, निधी आणि नावलौकिक यांबरोबर स्वच्छ व्यवस्थाही पुढे दिली जावी. येत्या महिन्यात प्रत्येक पेढीने, प्रत्येक संस्थेने एका संध्याकाळी एवढेच करावे : संगणकातून वापरकर्त्यांची यादी काढावी, प्रत्येक नावापुढे त्याला करता येणारी कामे लिहावीत आणि ज्या नावापुढे किल्लीही आहे व लेखणीही आहे, त्या नावाखाली रेघ ओढावी. त्या रेघेखालील माणूस दोषी नाही. तो एकटा पडला आहे. त्याच्या शेजारी दुसरा हात उभा करणे, हे मालकाचे आणि विश्वस्ताचे कर्तव्य आहे.